'किंग क्रिम्झन'च्या जुन्या ध्वनिमुद्रिका : एक पुनर्विचार

कलावंताने आपल्याच एखाद्या कृतीवर नापसंतीचा शेरा मारला, तर रसिकाने तो कितपत प्रमाण मानावा, हा प्रश्न साहित्यविचारात जुनाच आहे. ध्वनिमुद्रणाच्या आधाराने जगणाऱ्या संगीताच्या बाबतीत मात्र त्यात आणखी एक पेच निर्माण होतो. ज्या कृतीचा निवाडा करावयाचा, ती कृती म्हणजे नेमके काय, हे तेथे आधी ठरवावे लागते. मूळ रचना, तिचे एका विशिष्ट दिवशी झालेले वादन, की त्या वादनाचे ध्वनिफितीवरून तबकडीवर उतरलेले रूप? इंग्लंडमधील 'किंग क्रिम्झन' या बँडच्या मुख्यतः १९६९ ते १९७४ या काळातील ध्वनिमुद्रिकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. प्रस्तुत लेखक या बँडचा सुमारे पस्तीस वर्षांचा श्रोता आहे. इतक्या दीर्घ परिचयात ऐकण्याची जागा हळूहळू आठवण घेते, आणि निवाड्याच्या कामी आठवण ही फारशी विश्वासार्ह साक्षीदार नव्हे. म्हणून सर्व मुद्रिका पुन्हा एकवार कालक्रमाने, दिवसाला एक याप्रमाणे, ऐकावयाच्या असे ठरविले. जेथे जुनी व नवी अशी दोन ध्वनिमिश्रणे उपलब्ध होती, तेथे दोन्ही एकाच पातळीच्या आवाजात ऐकण्याची दक्षता घेतली. कारण दोहोंतील जी मोठ्याने वाजते ती सरस, असा भास कानांना सहज होतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी देणे अवश्य आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांनी तीन मिनिटांच्या लोकप्रिय गीताची चौकट मोडून दीर्घ, अनेक खंडांच्या रचना करण्यास प्रारंभ केला. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील वाद्ये, जॅझमधील उत्स्फूर्त वादन आणि विषम मात्रांचे ताल यांचा त्यांत मुक्त वापर असे, आणि तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एक कृती मानली जाई. यालाच पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव पडले. 'येस', 'जेनेसिस', 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर' ही या पंथातील अन्य ठळक नावे होत. १० ऑक्टोबर १९६९ रोजी प्रसिद्ध झालेली 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' ही 'किंग क्रिम्झन'ची पहिली ध्वनिमुद्रिका या पंथाच्या आद्य कृतींत गणली जाते. रॉबर्ट फ्रिप (गिटार), इयन मॅक्डॉनल्ड (सुषिर वाद्ये व कळफलक), ग्रेग लेक (गायन व बास गिटार), मायकेल जाइल्स (ड्रम) आणि शब्द लिहिणारे पीटर सिनफील्ड असा हा संच होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, अमेरिकेच्या दौऱ्याअखेर, मॅक्डॉनल्ड व जाइल्स बाहेर पडले आणि हा संच कायमचा मोडला. येथून पुढे बँडच्या इतिहासात 'किंग क्रिम्झन' हे नाव तेवढे स्थिर राहते, माणसे बदलत राहतात. पन्नासहून अधिक वर्षांच्या या प्रवासात आरंभापासून शेवटपर्यंत राहिले ते एकटे फ्रिप.

जुन्या श्रोत्यांच्या मनात या मुद्रिकांची एक प्रतवारी ठरून गेली होती, आणि प्रस्तुत लेखकही तिला अपवाद नव्हता. पहिली मुद्रिका आणि १९७३-७४ मधील तीन मुद्रिका, म्हणजे 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक', 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' व 'रेड', या वरच्या श्रेणीत. १९७० ची 'इन द वेक ऑफ पोसायडन' ही पहिलीची सावली. त्याच वर्षीच्या डिसेंबरातील 'लिझर्ड' व १९७१ च्या डिसेंबरातील 'आयलंड्स' या भरकटलेल्या काळाच्या खुणा. आणि १९८१ नंतरचे सारे म्हणजे जुन्या नावाने उघडलेले नवे दुकान. ही प्रतवारी निराधार नव्हती. तिला खुद्द फ्रिप यांचाच आधार होता. 'लिझर्ड' ही आपणांस ऐकवत नाही, अशा अर्थाचे त्यांचे मत दीर्घकाळ प्रसिद्ध होते. निर्मात्यानेच हात झटकल्यावर चाहत्याने वकिली कशाला करावी?

या प्रतवारीला धक्का बसला तो २००९ पासून. स्वतः 'पॉर्क्युपाइन ट्री' या बँडचे नायक असलेल्या स्टीव्हन विल्सन यांनी फ्रिप यांच्या संमतीने व देखरेखीखाली जुन्या मूळ फितींवरून नवी ध्वनिमिश्रणे सिद्ध करण्यास सुरुवात केली. ही प्रक्रिया थोडक्यात समजून घेतली पाहिजे. त्या काळी ध्वनिमुद्रण रुंद चुंबकीय फितीवर होई आणि तीवर मोजकेच समांतर ट्रॅक असत. पहिली मुद्रिका आठ ट्रॅकांवर मुद्रित झाली. वाद्ये आठांहून अधिक झाली की काही ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवावे लागत व त्यायोगे रिकाम्या झालेल्या जागी नवे वादन मुद्रित करीत. अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे, स्वरांची कड बोथट होई, आणि एकदा एकत्र झालेली वाद्ये पुन्हा वेगळी करता येत नसत. अखेरीस सर्व ट्रॅकांचे परस्पर प्रमाण ठरवून डाव्या-उजव्या अशा दोन ट्रॅकांवर जे उतरते, ते मिश्रण. श्रोत्याच्या हाती पडते ते एवढेच. उतरवणीपूर्वीच्या फिती जतन झाल्या असतील, तर संगणकाच्या साहाय्याने त्या एकमेकींशी जुळवून प्रत्येक वाद्य पहिल्या मुद्रणाच्या स्वच्छतेने पुन्हा मिळू शकते.

पाठचिकित्सेशी परिचित वाचकांना येथे ग्रंथसंपादनाची आठवण होईल. परंतु साम्य फार ताणू नये. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी करणाऱ्या एकनाथांसमोर मागाहून शिरलेली भर दूर करण्याचे कार्य होते. येथे भर कोणी घातलेली नाही, मूळ लेखकाच्याच हातून शाई फुटलेली आहे. शिवाय हा लेखक हयात असून संपादकाच्या शेजारी बसलेला आहे, आणि त्याला आपली कृती बदलण्याचा मोह होऊ शकतो. तसा तो झालाही. पहिल्या मुद्रिकेतील 'मूनचाइल्ड' या सुमारे बारा मिनिटांच्या रचनेचा उत्तरार्ध म्हणजे गिटार, व्हायब्राफोन व ड्रम यांचा अगदी हलक्या आवाजातील, दिशाहीन वाटणारा उत्स्फूर्त संवाद आहे. २००९ च्या मिश्रणात त्यातील सुमारे अडीच मिनिटे गाळण्यात आली. पूर्ण रूप पुरवणीदाखल सोबत दिले हे खरे, पण मुख्य पाठातून ते गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते हा छेद चुकीचा होता. त्या भागाला कंटाळून आपण सर्वांनीच कधी ना कधी सुई उचलून पुढे ठेवली असेल. तथापि पुढे 'आयलंड्स'मध्ये आणि १९७३ च्या संचात जे शांततेचे वादन आढळते, त्याचे बीज येथेच आहे. कंटाळवाणे वाटणारे स्थळ हे प्रत्येक वेळी रिकामे स्थळ असतेच असे नाही.

आता 'लिझर्ड'कडे वळू. या मुद्रिकेत फ्रिप व सिनफील्ड यांच्यासमवेत मेल कॉलिन्स (सॅक्सोफोन व बासरी), गॉर्डन हॅस्केल (गायन व बास) आणि अँडी मॅक्कलॉक (ड्रम) हे होते. पण तिचा खरा रंग ठरविला तो बाहेरून आलेल्या वादकांनी: पियानोवादक कीथ टिपेट, कॉर्नेटवादक मार्क चॅरिग, ट्राँबोनवादक निक एव्हन्स, हे लंडनच्या जॅझवर्तुळातील, आणि ओबोवादक रॉबिन मिलर. दुसरी बाजू संपूर्णपणे एकाच, सुमारे तेवीस मिनिटांच्या, रचनेने व्यापलेली असून तिचे पहिले गीत 'येस'चे गायक जॉन अँडरसन यांनी गायिले आहे.

जुन्या तबकडीवर 'हॅपी फॅमिली' हे गीत म्हणजे निव्वळ गलबला वाटे. हे गीत 'बीटल्स'च्या फाटाफुटीविषयी आहे. परंतु ते कळूनही कानाला काही दिलासा मिळत नसे. पियानो, बासरी, कॉर्नेट व गिटार एकाच वेळी बोलत असत आणि कोणाचेच बोलणे ऐकू येत नसे. नव्या मिश्रणात त्यांना आपापली जागा मिळाली आहे. तेव्हा ध्यानी येते की, हे चौघे भांडत नसून एकमेकांची वाक्ये पुरी करीत आहेत. टिपेट यांचा पियानो तर आधीच्या गायकाने टाकलेला प्रत्येक शब्द उचलून त्याची थट्टा करतो. 'बोलेरो' या खंडात ओबोने मांडलेली धून कॉर्नेट व ट्राँबोन हळूहळू आपल्या जॅझच्या वळणाने वाकवितात आणि शेवटी ओबो ती पुन्हा सरळ करून हाती देतो. ही सारी योजना जुन्या तबकडीवरही होती. ती ऐकू येत नव्हती. नवे मिश्रण ऐकल्यावर खुद्द फ्रिप यांचे मत पालटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रचनाकार आपल्या कृतीला चाळीस वर्षे नावे ठेवीत होता, ती वस्तुतः तिच्या एका सदोष प्रतीला.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. नव्या मिश्रणाच्या कौतुकात 'लिझर्ड' ही दुर्लक्षित श्रेष्ठ कृती ठरविण्याची जी लाट आली, तीत वाहून जाण्याचे कारण नाही. मिश्रणाने दूर होणारे दोष वेगळे आणि रचनेतच मुरलेले दोष वेगळे. सिनफील्ड यांची शब्दयोजना येथे इतकी अलंकारजड झाली आहे की, गायकाला श्वास घेण्यास जागा उरत नाही; नवे मिश्रण हा दोष झाकीत नाही, उलट अधिक स्पष्ट करते. शेवटच्या युद्धखंडात एकच आकृती आवश्यकतेपेक्षा बराच वेळ घुमविली आहे. 'इनडोअर गेम्स'च्या अखेरीस हॅस्केल यांचे हसणे ऐकू येते. ते योजनेचा भाग म्हणून पूर्वी आम्ही ऐकत असू. आता ते एका अवघडलेल्या माणसाचे हसणे वाटते.

हॅस्केल यांच्याविषयी चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण या प्रतवारीची किंमत कोणी मोजली हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. ते फ्रिप यांचे विद्यार्थिदशेपासूनचे सोबती. त्यांचा कंठ खर्जाचा, भूमिगीतांना व सोल संगीताला साजेसा. 'लिझर्ड'मध्ये त्यांना ज्या स्वरपट्टीत गावयास लावले ती त्यांची नव्हे, आणि 'हॅपी फॅमिली'त तर त्यांचा आवाज विद्युत्-यंत्रांतून काढून ओळखू न येण्याजोगा करण्यात आला. मुद्रिका बाजारात येण्यापूर्वीच ते बाहेर पडले. या संचाने रंगमंचावर एकही कार्यक्रम केला नाही. त्यामुळे चाहत्यांच्या बोलण्यात 'लिझर्डचा वाईट गायक' एवढीच त्यांची ओळख कित्येक वर्षे राहिली. २००१ च्या डिसेंबरात त्यांचे 'हाउ वंडरफुल यू आर' हे साधे, संथ गीत ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तेव्हा हा आवाज स्वतःच्या पट्टीत कसा लागतो ते सर्वांना कळले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. 'लिझर्ड'मध्येही 'लेडी ऑफ द डान्सिंग वॉटर' या छोट्या गीतात तो आवाज क्षणभर मोकळा होतो. आम्हां जुन्या श्रोत्यांनी त्याकडे लक्ष द्यावयास हवे होते.

'आयलंड्स'ची गोष्ट याच्या उलट आहे. ही मुद्रिका मुळातच विरळ वाद्यांची असल्याने नव्या मिश्रणाने तीत फारसा फरक पडत नाही. तिच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्या मार्गाने. फ्रिप, कॉलिन्स, ड्रमवादक इयन वॉलस आणि गायक बॉझ बरेल असा हा संच होता. बरेल मूळचे बासवादक नव्हेत. फ्रिप यांनी त्यांना ते वाद्य शिकविले. १९७२ च्या आरंभी अमेरिकेचा दौरा करून एप्रिलमध्ये हा संच विसर्जित झाला आणि त्याचे रंगमंचावरील एकमेव स्मारक म्हणून 'अर्थबाउंड' ही मुद्रिका त्याच वर्षी निघाली. ती साध्या कॅसेट यंत्रावर मुद्रित झालेली होती. आवाज फाटका, ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे. अमेरिकेतील कंपनीने ती प्रसिद्ध करण्याचेच नाकारले. या एका पुराव्यावर त्या चौघांना 'सर्वांत कच्चा संच' ही पदवी मिळाली. १९९८ नंतर फ्रिप यांच्याच संस्थेने जॅक्सनव्हिल, डिट्रॉइट, डेनव्हर येथील त्यांचे कार्यक्रम क्रमाक्रमाने प्रसिद्ध केले, आणि २०१७ मध्ये १९७० ते ७२ या कालखंडाला वाहिलेला सत्तावीस तबकड्यांचा संच निघाला. त्यांवरून दिसते ते असे की, हे वादक कच्चे नव्हते. त्यांची ओढ ब्लूज व ठेक्याच्या संगीताकडे होती आणि फ्रिप यांची भलतीकडे. डेनव्हरच्या 'समिट' स्टुडिओत १२ मार्च १९७२ रोजी झालेले वादन ऐकताना ही ओढाताण आनंदी रूप धारण करते. तरीही ते सर्वच कार्यक्रम पुनःपुन्हा ऐकावेत इतक्या योग्यतेचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सत्तावीस तबकड्या हा संशोधकाचा ऐवज आहे, श्रोत्याचा नव्हे.

'आयलंड्स' ही मुद्रिका मात्र माझ्या मते पहिल्या श्रेणीत जावयास हवी. 'सेलर्स टेल'मध्ये फ्रिप गिटारच्या तारा बँजोप्रमाणे खरडून जो आघातांचा वर्षाव करतात, त्याला त्या काळच्या रॉक संगीतात जोड सापडणे कठीण; आणि शीर्षकगीतातील कॉर्नेट, पियानो व ओबो यांची संथ वीण हे 'मूनचाइल्ड'मध्ये चाचपडत सुरू झालेल्या शोधाचे सिद्ध रूप आहे. एक डाग तेवढा पुसला जात नाही. 'लेडीज ऑफ द रोड' या गीतात दौऱ्यावर भेटणाऱ्या स्त्रियांविषयीची भाषा हीन आहे. काळाचे निमित्त सांगून तिची सुटका होत नाही. तरुणपणी आमच्या कानांना ती खटकली नाही, याचा अर्थ ती निरुपद्रवी होती असा नव्हे. कॉलिन्स यांचे सॅक्सोफोन त्या गीतात उत्कृष्ट वाजले आहे, आणि ही गोष्ट पेच वाढविते, सोडवीत नाही.

वरच्या श्रेणीतील मुद्रिकांकडेही नव्याने पाहावे लागते. त्यांपैकी सर्वांत विचारणीय 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'. मार्च १९७४ मध्ये आलेली ही मुद्रिका स्टुडिओतील निर्मिती समजून आम्ही वर्षानुवर्षे ऐकली. वस्तुतः तिच्यातील केवळ दोन रचना पूर्णपणे स्टुडिओत मुद्रित झाल्या. उरलेल्या सर्वांच्या मुळाशी रंगमंचावरील वादन आहे, आणि त्यांतील मोठा भाग २३ नोव्हेंबर १९७३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या 'कॉन्सर्टखेबाउ' सभागृहात झालेल्या कार्यक्रमाचा आहे. टाळ्या काळजीपूर्वक पुसून टाकण्यात आल्या. 'ट्रिओ' ही त्या रात्री आपोआप घडलेली रचना. व्हायोलिनवादक डेव्हिड क्रॉस, बासवर जॉन वेटन आणि मेलोट्रॉनवर फ्रिप असे तिघे वाजवीत असताना ड्रमवादक बिल ब्रूफर्ड यांनी काठ्या छातीशी धरून एकही आघात केला नाही. या संयमाबद्दल रचनेच्या श्रेयात त्यांचेही नाव घालण्यात आले. (मेलोट्रॉन हे कळफलकाचे वाद्य. प्रत्येक कळीखाली तंतुवाद्ये, बासऱ्या इत्यादींचा स्वर मुद्रित केलेली सुमारे आठ सेकंदांची फीत असते. कळ तेवढ्या वेळात सोडावीच लागते.) १९९७ मध्ये हा संपूर्ण कार्यक्रम 'द नाइट वॉच' या नावाने निघाला. आता मूळ पाठ कोणता म्हणावयाचा? कार्यक्रम अधिक मूळचा खरा. पण दोन्ही लागोपाठ ऐकून माझे मत मुद्रिकेच्या बाजूने झाले. तासाभराहून अधिक वादनातून नेमके काय ठेवावयाचे आणि कशाशेजारी ठेवावयाचे, ही निवड हेच तेथे रचनाकर्म आहे.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. 'पोसायडन' नव्या मिश्रणातही पहिलीची सावलीच राहते; टिपेट यांच्या बेफाम पियानोचे 'कॅट फूड' तेवढे स्वतंत्र. 'लार्क्स टंग्ज'चे हलके भाग आता पुरते ऐकू येतात. जेमी म्यूर यांच्या घंटा, थाळ्या व खुळखुळे यांची किती बारीक कामगिरी जुन्या तबकडीच्या खरखरीत बुडाली होती, हे त्यावरून कळते. 'रेड' जेथे होती तेथेच आहे. १९८१ च्या 'डिसिप्लिन'विषयीचा जुना राग मात्र टिकत नाही. तीत फ्रिप व एड्रियन बेल्यू यांच्या दोन गिटारी इंडोनेशियातील गामेलान वाद्यमेळासारख्या एकमेकींत गुंफल्या आहेत. एक गिटार तीच आकृती एका स्वराने तोकडी करून वाजविते, दोघींची सम दुरावत जाते आणि पुन्हा एकत्र येते. लयीचे हे गणित इतके प्रसन्न आहे की, पूर्वी ते 'थंड' का वाटले हे आता सांगता येत नाही.

याउलट २००० च्या 'द कन्स्ट्रक्शन ऑफ लाइट'चे २०१९ मध्ये जे झाले, त्याला पुनर्मुद्रण म्हणणे अवघड आहे. तिचे मूळ ड्रमचे ट्रॅक सापडत नसल्याने पॅट मॅस्टेलोटो यांनी सर्व ड्रम नव्याने वाजविले, आणि मुद्रिकेचे नावही प्रामाणिकपणे बदलून 'द रिकन्स्ट्रक्शन ऑफ लाइट' असे ठेवण्यात आले. ती पूर्वीपेक्षा ऐकण्यास बरी आहे. पण ती दुसरी कृती आहे, आणि पहिलीचा निवाडा तिच्यावरून करता येणार नाही. 'अर्थबाउंड'ला तर एवढेही भाग्य नाही. वेगळे ट्रॅकच नसल्याने तिची पुनर्घडण संभवत नाही.

२०१४ ते २०२१ या काळात फ्रिप यांच्या अखेरच्या संचात मेल कॉलिन्स परत आले होते, आणि २०१७ पासून 'लिझर्ड'च्या दीर्घ रचनेतील काही खंड व 'आयलंड्स'चे शीर्षकगीत ते रंगमंचावर वाजवीत असत. जी रचना १९७० मध्ये कोणत्याही श्रोत्यांसमोर वाजली नव्हती, ती सत्तेचाळीस वर्षांनी तेथे पोहोचली. डिसेंबर २०२१ मध्ये टोकियो येथे या संचाचा शेवटचा कार्यक्रम झाला.

'आयलंड्स'च्या जुन्या तबकडीच्या शेवटी, शीर्षकगीत संपून बराच वेळ शांतता झाल्यावर, स्टुडिओतील तंतुवादक स्वर जुळवीत आहेत आणि फ्रिप त्यांना सूचना देत आहेत असा एक छोटा भाग ऐकू येतो. आरंभीच्या काही सीडी आवृत्त्यांत तो वगळला गेला होता. पुढील आवृत्त्यांत तो परत आला. ज्यांच्या संग्रही ही मुद्रिका आहे, त्यांनी शेवटचा स्वर विरला म्हणून यंत्र लगेच बंद करू नये.